सतरा नंबरचा बंद थर

सोमवार, ३ मार्च

पोचले एकदाची! सात तासांच्या बसने अंग आंबून गेलंय, पण मन इतकं हलकं आहे की भुकेचीही आठवण नाही. दहा वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली राबले. आता माझी स्वतःची लॉगिंगची गाडी, माझी यंत्रं आणि कागदाखाली माझी सही. निघताना आईने ही वही हातात कोंबली. फोनवर तू नुसतं ‘ठीक आहे, ठीक आहे’ करतेस, निदान वहीला तरी खरं सांग, म्हणाली. तर वहीबाई, खरं सांगते, मी जाम खूश आहे.

माझं काम काय हे आमच्या आत्याला अजून कळलेलं नाही. गॅसची विहीर म्हटल्यावर तिने विचारलं होतं, कठडा तरी आहे ना गं तिला? आत्याबाई, गॅसची विहीर म्हणजे वीतभर रुंदीचा लोखंडी पाइप, जमिनीत हजारभर मीटर उभा गाडलेला. त्या पाइपात केबलला बांधून यंत्र सोडायचं आणि आत काय चाललंय ते वर कागदावर उतरवून घ्यायचं, हेच लॉगिंग. डॉक्टर छातीला नळी लावतो ना, तसंच. बाबा आयुष्यभर हेच करत आले. मी नऊ वर्षांची असताना तेही इथे दीड वर्ष होते. इथलं पत्र आल्याचं सांगितलं तेव्हा वाटलं होतं, गप्पांना ऊत येईल. पण ते म्हणाले, बरं, आणि कुंड्यांना पाणी घालायला गेले. कुंड्यांना सकाळीच घातलं होतं.

गेस्ट हाउस बैठं आहे, पिवळं, लांबोळकं. खोलीत लोखंडी पलंग, डगमगणारं टेबल, आणि खिडकीतून विहिरींची लाल डोकी दिसतात, एकेका कुंपणात एकेक. सगळं बघणाऱ्या एक मावशी आहेत. उंच, सडसडीत, साठीच्या आसपास, कमरेला किल्ल्यांचा जुडगा. नाव विचारलं तर म्हणाल्या, मावशीच म्हण. मग मला विचारलं, कितव्या नंबरवर आलीस? सतरा, म्हटलं. त्यांनी माझ्या चहात साखर घातली, ढवळली आणि पुन्हा घातली. मी तो पाक मुकाट्याने प्यायले. पहिल्याच दिवशी कोण वाकड्यात शिरणार!

मंगळवार, ४ मार्च

आज ऑफिस, माणसं आणि सतरा नंबर.

इथले प्रमुख म्हणजे साहेब. सगळे नुसतं ‘साहेब’ म्हणतात. भारदस्त माणूस, हसला की टेबलावरचे कागद हलतात. महिन्याअखेर निवृत्त होताहेत आणि जाण्याआधी सतरा नंबर चालू करून दाखवायची त्यांची जिद्द आहे. त्यांनी सांगितलेलं थोडक्यात असं: सतरा नंबरमध्ये सहाशे चाळीस मीटरवर गॅसचा एक थर आहे. बावीस वर्षांपूर्वी तिथला गॅस पाइपाच्या बाहेरच्या अंगाने वर गळायला लागला, म्हणून सिमेंट दाबून तो थर बंद केला. गॅस आत तसाच पडून आहे. आता तेवढ्या खोलीवर बार, म्हणजे छोटे सुरुंग, लावून पाइपाला पुन्हा भोकं पाडायची. पण पाइपामागचं सिमेंट अजून धड आहे की नाही, हे आधी मी सांगायचं. सिमेंट धड असेल तर गॅस पाइपातून येईल. नसेल तर पुन्हा बाहेरून येईल, वाट्टेल तिथे.

मी जुनी फाइल मागितली. सतरा नंबरसारख्या विहिरीची फाइल दोन हातांनी उचलावी लागायला हवी होती. ही चिमटीत मावली. शेवटच्या पानावर लिहिलं होतं: ड्यूटीवरच्या फिटरने व्हॉल्व्ह अर्धवट आवळला, गळती झाली, फिटर कामावरून पळून गेला, त्यानंतर पत्ता नाही. खाली शिफ्ट इन-चार्ज म्हणून साहेबांचीच सही. तेव्हाचे ते सडपातळ असावेत, सही तरी तशी आहे.

दुपारी विहीर पाहिली. प्रत्येक विहिरीच्या तोंडाशी चौकोनी पक्का खड्डा असतो, दीड पुरुष खोल. त्याला आम्ही सेलर म्हणतो. माणूस त्यात उतरून खालचे व्हॉल्व्ह आवळतो. सतरा नंबरचा सेलर मात्र काठोकाठ सिमेंटने भरलेला आहे, वर ओट्यासारखा सपाट. साहेब म्हणाले, तेव्हा सिमेंट पाइपाच्या बाहेरून वर चढलं आणि खड्डा भरला, मग आम्ही तसाच ठेवला, पाय ठेवायला बरा. आणि त्यांनी त्यावर बूट आपटून दाखवला.

पंप सांभाळायला एक काका आहेत, सगळे त्यांना पंपकाका म्हणतात. बोलायला गोड. पण पंप बंद असतानाही कानांत बोळे. माझ्या हातून पाना लोखंडावर पडला, तर माणूस जागच्या जागी उडाला. मी हसले. ते हसले नाहीत.

गुरुवार, ६ मार्च

पहिल्यांदा यंत्र आत सोडलं. जे झालं ते नीट लिहून ठेवते.

हे यंत्र पाइपात टिचकी मारतं आणि तिचा परत आलेला आवाज ऐकतं. पाइपामागे सिमेंट घट्ट असेल तर आवाज दबतो, पोकळी असेल तर पाइप घंटेसारखा वाजतो. खालून वर येताना ठिकठिकाणी पाइप वाजला. सिमेंट एका बाजूने सडलंय, बंद थरापासून वरपर्यंत उभी चीर गेल्यासारखं. वाईट बातमी, पण यासाठीच तर मी आले आहे.

सकाळी अकरा वीसला टिचकी बंद केली. यंत्राने आता फक्त शांतता ऐकायची. आणि कागदावर तीन ठोके उमटले. मग थोडी जागा. पुन्हा तीन.

केबल पाइपावर आपटत असेल म्हणून केबल ओढणारी विंच थांबवली. पुन्हा तीन. यंत्र वर घेत गेले तसे ठोके मोठे होत गेले. चारशे मीटर, शंभर, दहा. सगळ्यांत मोठे दोन मीटरवर. म्हणजे आवाज खालच्या थरातून येत नव्हता. जमिनीला लागून, सिमेंट भरलेल्या त्या सेलरमधून येत होता. भर उन्हात, माझ्यापासून पंधरा पावलांवर. मी गाडीतून उतरून ओट्यापाशी गेले. तिथे कोणी नव्हतं, कसलाही आवाज नव्हता. अकरा एकतीसला कागदावरचे ठोके थांबले.

पंपकाका मागून येऊन कागद बघत होते. त्यांना काही विचारणार, तोच ते कुंपणापाशी जाऊन ओकले.

शुक्रवार, ७ मार्च

आजही तेच. अकरा वीस ते अकरा एकतीस. साहेब म्हणाले, यंत्र जुनं आहे. यंत्र दोन महिन्यांचं आहे.

दुपारी जेवताना मावशींनी विचारलं, आज काय ऐकलंस? विहिरीबद्दल इथे मी त्यांच्याकडे चकार शब्द काढला नव्हता. कशाबद्दल, असं विचारलं. त्यांनी ताट सरकवलं आणि टेबलावर मधल्या बोटाने ठोकलं. तीनदा. थांबल्या. पुन्हा तीनदा.

नळात येतं मला, म्हणाल्या. मग शांतपणे सांगितलं. फाइलमधला पळून गेलेला फिटर म्हणजे आमचे हे. त्या दिवशी सकाळी ते कामावर गेले ते परत आलेच नाहीत. चार दिवसांनी क्वार्टर खाली करायला लावलं. पळपुट्याची बायको म्हणून दुकानदार दारात उभं करेना. माहेरी जा, म्हणाले सगळे. त्या गेल्या नाहीत. दोन वर्षं इकडेतिकडे भांडी घासली आणि मग इथेच नोकरी मागितली. साहेबांनीच दिली. मोठ्या मनाचा माणूस, असं लोक म्हणाले. बावीस वर्षांतली वीस वर्षं त्या रोज साहेबांचा चहा करताहेत.

मी विचारलं, पण का? मावशी म्हणाल्या, पळून जाणारा माणूस साधे बूट घालून जातो, पोरी. आमच्या ह्यांचे रोजचे बूट घरातच होते. कामाचे जड बूट घालून कोण पळतं? मग त्यांनी ताट धुवायला घेतलं आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, विहीर उघडेपर्यंत मला मरायचं नव्हतं, एवढंच.

शनिवार, ८ मार्च

पंपकाकांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. कानांतले बोळे काढून टेबलावर ठेवले आणि खाली बघून सगळं ओकून टाकलं. त्यांच्याच शब्दांत लिहवत नाही, म्हणून साधं लिहिते.

गॅस सुटला तेव्हा फिटर सेलरमध्ये व्हॉल्व्ह आवळत होता. लोखंडी जोड सटकून त्याच्या पायावर बसला, तो अडकला. वर कोणाला कळलं नाही, पंपाच्या आवाजात हाक ऐकू येत नाही. सिमेंट सोडायला सुरुवात झाली होती. ते पाइपाच्या बाहेरून चढत सेलरमध्ये यायला लागलं. तेव्हा त्याने पान्याने पाइप ठोकला. पंपावर काम करणाऱ्यांची खूण ठरलेली असते. एक ठोका म्हणजे सुरू करा. दोन म्हणजे हळू. तीन म्हणजे बंद करा.

पंपकाकांना पाइपाला लावलेल्या हातात ते तीन ठोके जाणवले. त्यांनी शिफ्ट इन-चार्जकडे पाहिलं. साहेब सेलरच्या काठाशी गेले, खाली वाकून पाहिलं, परत आले आणि पंपकाकांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, चालू ठेव. थांबलास तर सिमेंट पाइपात बसेल आणि विहीर जाईल. पंपकाकांना वाटलं, गॅसचा भडका उडेल म्हणून म्हणताहेत. पण गॅस तर तेव्हाच दबला होता. दाबाचा काटा शून्यावर होता. साहेबांनीही तो पाहिला होता.

अकरा मिनिटं ठोके येत होते. मग नाही.

मी विचारलं, तुम्ही दोघंच होता? पंपकाकांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. म्हणाले, तिसरा होता लॉगिंगवाला. गळती आवाजावरून शोधायला त्याचं यंत्र आत होतं. सिमेंटच्या आधी ते पाइपाच्या तोंडाशी ओढून ठेवलं, पण चालूच राहिलं. सगळे ठोके त्याच्या कागदावर आले. साहेब म्हणाले, एवढा तुकडा काप. त्याने कापला.

मग म्हणाले, तुझं अक्षर वडिलांसारखंच आहे, ताई.

सोमवार, १० मार्च

पंपकाका गेले.

सकाळी साडेअकराला. पंप बंद होता, केबिनला आतून कडी. खिडकीतून दिसले, खुर्चीत बसलेले, मान मागे. दार तोडलं. तोंड उघडं होतं आणि ओठांपर्यंत करड्या सिमेंटने भरलेलं. नाकपुड्याही. ओलं नव्हतं. दगड झालेलं, जुनं. दवाखान्यातल्या डॉक्टरने नखाने खरवडून पाहिलं आणि हात मागे घेतला. त्या केबिनमध्ये सिमेंटचा कण नव्हता.

साहेबांनी डॉक्टरला बाजूला घेतलं. कागदावर हृदयविकार आलं. झाकून नेलं.

मी गेस्ट हाउसवर पळत आले, मावशींना सांगितलं. त्या चादरींच्या घड्या घालत होत्या. घडी पूर्ण केली, हाताने सारखी केली.

एक, म्हणाल्या.

मंगळवार, ११ मार्च

बाबांना फोन केला. सतरा नंबर, एवढंच म्हटलं. कागद ना, असं त्यांनीच विचारलं. मग म्हणाले की तो तुकडा त्यांनी फेकला नाही. माझ्या शाळेच्या दाखल्यांच्या पाकिटात आहे. बावीस वर्षं.

मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा बाबांवर ओरडले. का, विचारलं. म्हणाले, तू नऊ वर्षांची होतीस, नोकरी गेली असती. म्हणजे माझ्यावर ढकलताय, म्हटलं. मग म्हणाले, नाही, खोटं बोललो. घाबरलो होतो गं, बाकी काही नाही.

येतो म्हणाले. येऊ नका, म्हटलं. त्यांनी फोन ठेवला.

बुधवार, १२ मार्च

साहेबांना सांगितलं, आधी सेलर फोडा. आत माणूस आहे. त्याला बाहेर काढा, मगच विहीर. ते हसले नाहीत. म्हणाले, कागद तुझ्या बापाने कापला, नाव आधी त्याचं निघेल, मग माझं. विचार कर. शुक्रवारी बार उडणार. गुरुवारी संध्याकाळपर्यंत ‘सिमेंट उत्तम’ असा रिपोर्ट हवा, नाहीतर दुसरा इंजिनिअर येईल आणि लिहील.

आणि त्या ओट्यावर खुर्ची टाकायला सांगितली आहे. विहीर उघडताना फोटो काढायचाय, मुख्यालयात पाठवायला.

अकरा वीसला मी न्हाणीघरात तोंड धुत होते. ठोका नळात आला. बोटांखाली, लोखंडात. तीनची वाट बघत राहिले.

एकच.

बराच वेळ गेला. पुन्हा एकच.

थांबवा म्हणत नाहीये तो आता.

गुरुवार, १३ मार्च

बाबा दहाच्या बसने आले. किती म्हातारे दिसतात. मावशींनी दार उघडलं, पाहिलं आणि ओळखलं. चहा दिला. साखर बरोबर घातली.

बाबांनी पाकिटातून दीड हात लांबीचा तुकडा काढून टेबलावर उलगडला. कागद पिवळा, रेघ अजून काळी. मावशींनी चष्मा लावला आणि रेघेवरून बोट फिरवत एकेक ठोका मोजला. शेवटीशेवटी ठोके बुटके होत गेलेत, तिथे बोट सावकाश चाललं. शंभर आणि दोन, म्हणाल्या. चौतीस वेळा सांगितलं त्याने.

बाबा रडत होते. माफ करा, म्हणाले. मावशी म्हणाल्या, मागायला बावीस वर्षं लागली तुम्हाला. मला द्यायला किती लागतील, मी कसं सांगू? आवाज चढवला नाही. कागद गुंडाळून पदराआड ठेवला.

बाबा म्हणत होते, पोलिसांत जाऊ, मी साक्ष देतो. मावशी म्हणाल्या, तेव्हा जायचं होतं. आता विहीर उघडू दे.

मी बाहेर येऊन गाडीत बसले. माझा कागद उघडला. सिमेंटमधली ती उभी चीर. बंद थरापासून थेट सेलरपर्यंत. बार उडाला की गॅस पाइपातून येणार नाही. चिरेतून वर येईल आणि ओट्याखाली फुटेल. खुर्चीखाली. हे इथे फक्त मला कळतं.

बार उडताना विहिरीच्या तोंडाशी कोणीही थांबायचं नाही असा नियम आहे. साहेबांना तो माझ्याइतकाच पाठ आहे. आठवण करून देणं माझं काम.

पाच वाजता रिपोर्टवर लिहिलं: सिमेंट उत्तम. सही केली. 

बाकी सगळ्यांना लांब उभं करीन. तो एकटा. त्याने वाकून पाहिलं होतं. पाहिलं आणि चालू ठेव म्हणाला. मला वाईट वाटत नाहीये. वाटायला हवं ना? मी वाट बघतेय उद्याची.

शुक्रवार, १४ मार्च

१०.५०. गाडीत आहे. बार सहाशे चाळीसवर लावून तयार. माणसं कुंपणाबाहेर पाठवली, सुरक्षेसाठी म्हणून. साहेब ओट्यावर, खुर्चीत. नवा कोट.

११.०९. बाबा. गेस्ट हाउसवर थांबा म्हटलं होतं. कुंपणातून आत आले, सरळ ओट्यावर. साहेब उठले, ओळखलं, हसले, पाठीवर थाप. बाबांनी त्यांचा दंड धरला. सोडत नाहीत. माझा कागद बाबांनी रात्री वाचला असणार. माझ्याकडे बघून मान डोलावली. उडव, म्हणताहेत. बाबा, नाही —

११.१३. बार उडवायची किल्ली काढली. खिशात टाकली. नाही करणार. बाबांना घेऊन येते, साहेबही जाऊ दे, काहीही होऊ दे —

११.१५. गाडीचं दार उघडत नाही. कुलपाच्या भोकात करडं काहीतरी. दगडासारखं. दुसरं दारही. काच फुटत नाही, पाना मारून पाहिला. रेडिओ आणि फोन बार लावताना बंद करून बाहेर ठेवलेले, नियमाने. विंचचं इंजिन चालू आहे, कोणाला ऐकू जात नाही.

११.२०. किल्ली खिशात आहे. हातात धरली आहे. तरी बार उडाला. केबल ताणली, काटा फिरला. मी नाही. मी नाही उडवला.

११.२२. भडका नाही. काही नाही. साहेब हसताहेत. मग खाली बघतात.

ओटा ओला झालाय.

११.२४. बूट गेले. गुडघे. बाबांचेही. साहेब ओढताहेत, ओरडताहेत. कुंपणाबाहेरचे लोक हात हलवताहेत, त्यांना वाटतं फोटोसाठी —

लिहिते. दुसरं काही करता येत नाही आणि मागच्या वेळी लिहिलेलं कापलं गेलं. हे कोणी कापू नये. सिमेंट खराब होतं. मला माहीत होतं. मी उत्तम लिहिलं. माझ्या सहीने. कोणी सांगितलं म्हणून नाही, घाबरून नाही. मला तो मरायला हवा होता.

११.२६. साहेब छातीपर्यंत. त्यांचा दंड बाबांनी अजून सोडलेला नाही. साहेबांच्या तोंडापुढे करडं काहीतरी वर आलं, हात असावा, बोटं जोडलेली, जड — तोंडावर बसलं. खाली नेलं.

साहेबांच्या जागी नुसती खुर्ची उरली.

११.२७. मावशी! पहार आणि फळी घेऊन पळत येताहेत. मला वाटलं माझ्याकडे. नाही, ओट्याकडे. फळी टाकली, पोटावर आडव्या झाल्या, बाबांना हात दिला. बाबांना! ती बाई —

११.२८. बाबा हात घेत नाहीत. मावशी ओरडताहेत. ऐकू येत नाही, ओठ दिसतात. माफ केलं, म्हणताहेत. मी सोडलं तुम्हाला, हात द्या. मग तोंड सिमेंटकडे करून त्यालाही काहीतरी — विनवताहेत. पुरे म्हणताहेत. तो ऐकत नाहीये. बाबांचा एकच हात वर आहे, मावशींकडे नाही, माझ्याकडे, बोट दाखवताहेत, गाडीकडे, खाली — बाबा, काय, मला कळत नाही — खाली बघ म्हणताहेत, माझ्या पाया